वेलांटी उजवीकडे गेली तेव्हा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला मुलुंडला घरी आणलं, त्याला नऊ दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत ती जेमतेम वीसेक वाक्यं बोलली असेल. पाणी दे. पंखा कमी कर. उशी सरकव. एरवी माझी आई गप्प राहणारी बाई नव्हे. गिरगावातल्या एका छापखान्यात तिने तीस वर्षं प्रुफं तपासली आणि घरीसुद्धा लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळ्यांच्या चुका काढल्या. तीच आता हॉलमधल्या पलंगावर छताकडे बघत पडून होती.

"भूल दिल्यावर या वयात होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कशात तरी गुंतवा."

कशात गुंतवणार? टीव्ही तिने बंद करायला लावला. पुस्तक दिलं तर आडवं पडून ते हातात पेलेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन खुब्यामुळे लांबलेलं, त्यामुळे बारीक अक्षर दिसेना. फोनचा उजेड डोळ्यांना टोचतो म्हणाली.

मला तर एका जागी बसवतच नव्हतं. माझं ऑफिसचं काम घरूनच चालतं. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचे आणि दर दहा मिनिटांनी उठून दारातून बघायचे, तिची छाती खाली-वर होतेय ना. चहा करायचे आणि प्यायला विसरायचे. तिच्याजवळ बसलं की दोन मिनिटांत काहीतरी काम आठवायचं आणि मी उठायचे. खरं सांगायचं तर तिचा तो गप्प चेहरा मला बघवत नव्हता.

दहाव्या दिवशी कपाटात औषधांची फाइल शोधताना माझा जुना ई-रीडर सापडला. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला. हलका, पडद्याला उजेड नाही, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मी तिथेच उभी राहून म्हटलं, झालं काम!

काही झालं नव्हतं. तासभर चार्ज केल्यावर तो सुरू झाला, वायफायलाही जोडला गेला, पण पुस्तकांचं दुकान उघडलं की एकच ओळ यायची: या उपकरणासाठी ही सेवा आता उपलब्ध नाही. ईमेलने पुस्तक पाठवायची सोय होती, तीही बंद. म्हणजे आता एकच रस्ता उरला, लॅपटॉपला वायर लावायची आणि पुस्तक हाताने आत टाकायचं. घरात होती ती वायर लावली. रीडर चार्ज होत राहिला, लॅपटॉपला मात्र तो दिसेचना. मी वायर काढून लावली, फिरवून लावली, फुंकर मारली. बऱ्याच वेळाने कुठेतरी वाचलं की काही वायरी फक्त चार्जिंगच्याच असतात.

शेजारच्या मावशींना आईजवळ बसवून मी स्टेशनाजवळच्या मोबाइलच्या दुकानात धावले.

"ताई, ही जुनी पिन आता कोण वापरतं?" दुकानदार म्हणाला. तरी त्याने खालच्या खणातून एक काढली.

"हिच्यातून डेटा जाईल ना?"

"जाईल ना. नाही गेला तर परत आणा."

गेला. लॅपटॉपवर रीडर पेनड्राइव्हसारखा दिसला. एका मोफत ग्रंथालयाच्या साइटवरून मी एक जुनी मराठी कादंबरी उतरवली होती. ती एका फुकट सॉफ्टवेअरमधून रीडरला चालेल अशी करून घेतली, आत टाकली आणि घाईघाईत वायर उपटली. पुस्तक अर्धंच गेलं. पुन्हा टाकलं. या वेळी हात बाजूला धरून थांबले.

रीडर आईच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग तिच्या कपाळावर आठी पडली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"ह्या कोणी जुळवल्यान?"

रागावली की आई मालवणीवर येते; हे टाइप कोणी जुळवले, असं तिला म्हणायचं होतं. मी वाकून बघितलं. जुन्या यंत्राला आपली अक्षरं नीट जोडताच येत नव्हती. 'किती'मधली पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे गेली होती. जोडाक्षरं फुटून पाय मोडल्यासारखी सुटी उभी होती. शब्द ओळखू येत होते, पण प्रत्येक ओळीत दहा चुका.

"आण इकडे, मी नीट करून देते," मी म्हटलं.

"राहू दे. पेन्सिल दे मला. आणि कागद."

मी पेन्सिल दिली आणि आत पळाले. ते नीट करणं एवढंच आता माझ्या डोक्यात होतं. पुढचे तीन दिवस मी ऑफिसचं काम संपवून त्याच्याच मागे होते. फॉन्ट बदलले, फाइलचे प्रकार बदलले, कुठल्या कुठल्या लोकांचे जुने सल्ले वाचले. कधी सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, कधी रीडर अडकून बसायचा. दर तासाला मी बाहेर जाऊन तिच्या हातातून तो काढून घ्यायचे, काहीतरी टाकायचे, परत द्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने तो दिलाच नाही. छातीशी धरून ठेवला.

"तीन दिवस त्या डबड्यापाशी बसलीयस. एक पान वाचून दाखवलंस मला?"

"आई, तुझ्यासाठीच चाललंय ना ते!"

"माझ्यासाठी काय? माझ्याजवळ बसायला नको म्हणून चाललंय."

खोटं नव्हतंच ते.

मी लॅपटॉप उचलून हॉलमध्ये आणला, खुर्ची पलंगाला लावली आणि तीच कादंबरी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच तिने हात वर केला.

"खंय पळतंस? नीट वाच. छापखान्यात दोघं बसायचो आम्ही. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने बोलायचा. मी थांब म्हटलं की थांबायचं."

मग तसं सुरू झालं. मी वाचायचे, "तो उठला स्वल्पविराम आणि दाराशी गेला पूर्णविराम." ती मोडक्या अक्षरांवरून बोट फिरवायची. "थांब," म्हणायची आणि कागदावर पान नि ओळ लिहायची. मी वैतागायचे. पाय हलवायचे, फोन वाजला की उठायला बघायचे. ती बोट पडद्यावरून न काढता म्हणायची, "बस." विरामचिन्हं बोलत वाचताना घाई करताच येत नाही. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, दुपारचे दोन तास आम्ही दोघी सलग बसतोय. आणि ती मधूनच छापखान्यातल्या गोष्टी सांगायला लागली आहे.

अक्षरांचा प्रश्न शेवटी सुटला. रीडरच्या पडद्याएवढंच पान आणि मोठा टाइप घेऊन पीडीएफ केली, तेव्हा सगळ्या वेलांट्या जागेवर आल्या. आईने दोन पानं तपासली आणि म्हणाली, "हं. आता बरं आहे." वाचन मात्र तसंच चालू ठेवायला लावलं.

कादंबरीच्या शेवटाकडे एक म्हातारी अंथरुणावर पडून राहते, मुलं भोवती जमतात आणि ती जाते. तो परिच्छेद मला आधीच दिसला. मी आवाज न बदलता तो ओलांडला आणि पुढचा वाचायला घेतला.

"थांब," आई म्हणाली. "एक परिच्छेद गाळलास."

मी लॅपटॉपवर पान मागे सरकवलं.

"मूळ प्रतीत आहे तर वाचायलाच पाहिजे," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "मी काय एवढ्यात जात नाय गो. वाच."

मी वाचला. प्रत्येक स्वल्पविरामासकट वाचला. मध्ये आवाज फुटला तेव्हा ती थांब म्हणाली नाही, फक्त बोट त्या शब्दावर ठेवून वाट बघत राहिली. पूर्णविराम म्हटल्यावर तिने पान उलटलं.

दीड महिन्याने ती वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागली. पुढे मोतीबिंदूही काढला. आता ती छापील पुस्तकं वाचते आणि रीडर फक्त जाड ग्रंथांना लागतो. तिला पुस्तक हवं असलं की ती मला हाक मारते. मी वायर लावते, पुस्तक टाकते, आणि ते पुरतं जाईपर्यंत तिच्या पलंगाच्या कडेला बसून राहते.