पेन्सिलीतला मंत्री

नव्वदच्या दशकात मी घोडेगावच्या तहसील कचेरीत कारकून होतो. तळेघरकडच्या डोंगरातल्या वाड्यांना रस्ता नव्हता. बाळंतपणाला अडलेली बाई झोळीत घालून खाली आणावी लागे. म्हणून दरवर्षी मोर्चा यायचा आणि पुढे डफ घेतलेला एक म्हातारा असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चाल त्या वर्षीच्या सिनेमाची, शब्द त्याचे:

"हिरोईन उडती विमानात, अडली बाई झोळीत, अन् अमुक सायेब गाडीत."

अमुकच्या जागी मंत्र्याचं नाव. गाण्याआधी तो माझ्या खिडकीशी येऊन खोडरबर मागायचा. वहीत सगळं गाणं पेनानं लिहिलेलं, नाव तेवढं पेन्सिलनं.

"मंत्री बदलतो, भाऊ. झोळी तीच ऱ्हाती."

मोर्चा आमच्यावर आणि खोडरबर आमचाच. गाणं सुरू झालं की आत आमचे तहसीलदार साहेब टेबलावर ठेका धरायचे.

एका वर्षी त्याने खोडरबर मागितलाच नाही. वही दाखवली. खोडून खोडून नावाच्या जागी भोक पडलं होतं.

"मग आता काय म्हणता, बाबा?"

"आता तिथं नुसता खोकतो. लोकांना बराबर कळतं."

गाणं सुरू झालं. नावाच्या जागी तो खोकला, मागोमाग अख्खा मोर्चा खोकला. आत ठेका धरलेले आमचे साहेबही नेमके तेव्हाच खोकले.