फर्दापूरचा लोखंडी फोन

सासूबाईंचा खुबा मोडला त्याला आता पाच वर्षं होतील. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत कॉटवर आहेत आणि मी त्यांच्या हाकेच्या अंतरावर. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात; पाळी दर आठवड्याला बदलते. तो कामावर असला की मला घर सोडता येत नाही, आणि घरी असला की झोपलेला असतो. दूध, भाजी, औषधं, सगळं दारात येतं. एकदा केर काढताना दिसलं की माझ्या चपलांवर धूळ बसली आहे.

फोनचं खूळ तेव्हापासूनचं. सासूबाईंचं किराणा दुकान होतं आणि दुकानाबाहेर रुपया टाकून बोलायचा लाल फोन. दुकान बंद झालं तसा तो माळ्यावर गेला. जुन्या चादरी काढताना माझ्या हाताला लागला. उघडून पाहिला तर आत नाणं घरंगळत जायची पन्हळ, खाली गल्ला, सगळं गंजलेलं. मी रॉकेल आणि टूथब्रश घेऊन बसले. कॉटशेजारी बसून करता येईल असं काम होतं, म्हणूनच जडलं असेल.

घासूनपुसून झाल्यावर जुना जड रुपया टाकला. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

"अडकला," त्या म्हणाल्या. "वरच्या वळणावर. डाव्या अंगानं थाप मार."

मारली. नाणं खाली गेलं.

मग शहागंजातला एक म्हातारा भंगारवाला माझ्यासाठी सुटे भाग बाजूला ठेवू लागला. डायल, रिसिव्हर, गल्ल्याची कुलुपं. लाल फोनांच्याही आधीच्या लोखंडी फोनचं बरंच सामान माझ्याकडं जमलं, फक्त पन्हळ मिळत नव्हती. एक दिवस त्याचा फोन आला. "बाजी, फर्दापूर के एक लॉज में लोहे का फोन है. परसों दीवार तोड रहे. मेरे से जाना नै होता, तुम जाके ले लेव."

नवऱ्याची दिवसपाळी होती. नणंद गावातच, दुसऱ्या टोकाला राहते. तिला विचारायला मला अख्खा दिवस लागला.

"जा वहिनी," ती म्हणाली. "पण पाचच्या आत ये. मला पोरांचं बघायचंय."

सकाळची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली, पण फुलंब्री यायच्या आत मोबाईल वाजला. आईची सकाळची गोळी कोणती? सिल्लोडला पुन्हा. धुतलेली चादर कुठंय? मी बसमध्ये होते आणि घरातच होते. अजिंठ्याचा घाट उतरताना रेंज गेली. पंधरा-वीस मिनिटं मला कुणीच बोलावू शकत नव्हतं. बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली.

लॉजच्या भिंतीवर फोन होता, पण भिंतीबरोबर त्यालाही कितीदा तरी ऑइलपेंट फासलेला. स्क्रू हलेनात. शेवटी गवंड्यानं कडेचं प्लॅस्टर फोडून तो मोकळा केला. मागचं झाकण उघडलं. आत पितळेची पन्हळ, जशीच्या तशी.

"न्या ताई, इथं कोण विचारतंय त्याला," मालक म्हणाला आणि वर एक पोतंही दिलं.

स्टँडवर आले तेव्हा एक वाजत होता. गाडी लागली. कंडक्टर "संभाजीनगर, संभाजीनगर" ओरडत होता. पोतं पायाशी होतं. ते उचलायचं आणि चढायचं, एवढंच होतं. मी उचललं नाही. गाडी निघून गेली.

पुढची गाडी दीड तासानं होती. मी चहा घेतला, बाकावर बसले. लेण्यांकडं जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. काही विचार केला असंही नाही. मोबाईल दोनदा वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हटलं, "ताई, गाडी चुकली."

घरी पोचायला साडेसहा झाले. नणंद चपला घालूनच उभी होती. मला बघताच निघाली. मी हातपाय धुतले, सासूबाईंची चादर बदलली, त्यांना कुशीवर वळवलं.

"गाडी चुकली नव्हती," त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या.

"नाय. सोडली."

"दुकानात मला बी लई वाटायचं, उठावं अन् जावं. लोक बाहेर उभं राहून कुठं कुठं बोलायचे. मी आत, साखर तोलीत."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. वाटलं, एवढं कळत होतं तर माझ्याशी पाच वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं. पण मी फक्त त्यांच्या पाठीमागं उशी सरकवली. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं.

फोनचा रंग खरवडायला दोन महिने गेले. खाली काळाभोर मुलामा निघाला. पन्हळ नीट चालते, नाणं कुठंही अडत नाही. नणंद त्यानंतर दिवसभरासाठी आली नाही, आणि मीही तिला विचारलं नाही.