बदाम कुणाच्या वाटीत

नाताळच्या आदल्या दिवशी माझा पाय घरात ठरत नव्हता. गुंगालिनमध्ये थंडी कडक असते हे सगळे सांगतात, इथल्या, दक्षिण गोलार्धातल्या डिसेंबरच्या उन्हाबद्दल कुणी बोलत नाही. बाहेर भट्टीसारखा वारा सुटला होता आणि मी दर थोड्या वेळानं फ्रिजचं दार उघडून आत बघत होते. आत काचेचं मोठं भांडं होतं आणि त्यात रिसालामांद.

आईनं शेवटी टोकलंच. "सारखा फ्रिज उघडलास तर गार काय राहणार त्यात? बस की जरा."

मला बसवत नव्हतं. त्या भांड्यात मी एक बदाम पुरला होता आणि संध्याकाळी तो आईच्याच वाटीत जायला हवा होता.

रिसालामांद ही डेन्मार्कची नाताळातली खीर. माझे सासू-सासरे मूळचे तिकडचे; सासूबाई आता नाहीत. नवरा मात्र याच देशात, वोलाँगाँगला वाढला. बुटका, गोल दाण्याचा तांदूळ दुधात मंद आचेवर शिजवायचा, त्यात व्हॅनिलाच्या शेंगेतला गर घालायचा, सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग फेटलेलं क्रीम आणि बदामाचे तुकडे हलक्या हातानं मिसळायचे. खाताना वरून चेरीचा गरम रस. बदाम सगळे चिरायचे, एक सोडून. तो अख्खा बदाम ज्याला मिळेल त्यानं तो गालात लपवायचा आणि अवाक्षर काढायचं नाही. बाकीचे बिचारे आशेनं खात राहतात. भांडं रिकामं झालं की जिंकलेल्यानं बदाम काढून दाखवायचा आणि मार्झिपानचं, म्हणजे बदाम-साखरेच्या गोळ्याचं गुलाबी डुक्कर बक्षीस घ्यायचं.

सासरच्यांनी या रिवाजाला आणखी एक शेपूट जोडलंय. बदाम ज्याला मिळेल, पुढच्या वर्षीची खीर त्यानं करायची. त्यातून सुटका नाही. सासऱ्यांनी एका वर्षी उजवा हात प्लास्टरमध्ये असताना डाव्या हातानं केली होती आणि अजूनही ते ती गोष्ट प्रत्येक नाताळाला सांगतात. गेल्या वर्षी बदाम मला मिळाला, म्हणून या वर्षी माझी पाळी.

आणि या वर्षी आई होती. व्हिजिटर व्हिसावर आली होती, जानेवारीचं परतीचं तिकीट होतं. पोस्टातून रिटायर झालेली बाई, शब्दाची पक्की. आल्यापासून तिनं तक्रार अशी केली नव्हती, पण एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "हे माझं शेवटचं येणं. एवढा प्रवास आता झेपत नाही. आणि इथं मला काम काय? पाहुण्यासारखं बसून राहायचं. पुढच्या वेळी तुम्ही या."

"तुम्ही या" ती दर वर्षी म्हणते. आणि मी दर वर्षी कधी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय म्हणते, कधी लेकीची शाळा पुढे करते, कधी सासरे नाताळाला एकटे पडतील म्हणते. ही कारणं खरी आहेत. पण या वेळी तिनं "शेवटचं" म्हटलं होतं. ही बाई माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा कधीच उभी दिसणार नाही, या विचारानं मला झोप लागेना. मी तेव्हाच भांडले होते. ती घड्या घालत राहिली. मग मला बदामाचं सुचलं. बदाम तिला मिळाला तर पुढची खीर तिची. आणि तिनं एकदा मान्य केलेली गोष्ट केली नाही असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही.

खेळाचा नियम आईला पटला नव्हता. खीर शिजत असताना मी तिला तो समजावून सांगितला, पुढच्या वर्षीच्या शेपटासकट. तेव्हा ती म्हणाली, "एकालाच? आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"आजी, इट्स अ गेम!" लेक म्हणाली.

"असले गेम आमच्याशी पुष्कळ खेळून झालेत," आई म्हणाली आणि माझ्या हातातला डाव काढून स्वतः ढवळायला लागली. खीर तिला नवी नव्हती. बुद्धपौर्णिमेला ती मोठ्या पातेल्यानं करते आणि विहारात नेते. फक्त या खिरीत वेलची नाही, हे तिला शेवटपर्यंत सहन झालं नाही.

मध्ये मी चमच्यानं चव बघितली आणि तोच चमचा पुन्हा पातेल्यात घालायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. "उष्टा!" आमच्या घरात उष्टं चालत नाही. तिच्या आईनं गावात दुसऱ्यांच्या पंगती उठायची वाट बघितली होती आणि पानात उरलेलं पदरात घेऊन घरी आणलं होतं. आईला नोकरी लागली तेव्हा तिनं ठरवलं, माझ्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही. त्यात आजवर सवलत नाही. माझ्या मैत्रिणींच्या आया नातवंडांचं उरलेलं कौतुकानं संपवतात. माझी आई माझ्या लेकीनं अर्धवट टाकलेला टोस्ट सरळ बिनमध्ये टाकते आणि तिला अन्न टाकण्यावरून दोन शब्द सुनावते.

तर, बदाम. काचेच्या भांड्याच्या कडेचा एका जागी टवका उडालेला आहे. त्या टवक्याच्या बरोबर खाली मी तो बदाम खुपसला. वाढणार मीच होते. पहिला डाव टवक्याखाली घालायचा आणि ती वाटी आईपुढं ठेवायची. फसवणूक होती, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त घाई झाली होती.

संध्याकाळी सासरे आले. लेक त्यांना फारफार म्हणते, म्हणजे डॅनिशमध्ये बाबांचे बाबा. आई त्यांच्याशी सावकाश, नीट जुळवलेल्या इंग्लिशमध्ये बोलते आणि ते तिला तितक्याच सावकाश उत्तर देतात. जेवण झालं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मी चेरीचा रस गरम करायला ठेवला आणि तेवढ्यात पुन्हा फ्रिज उघडून टवका जागेवर आहे का ते बघायला गेले. टवका जाणार कुठं! पण रस मात्र उतू गेला, आणि घाईनं पातेलं उचलताना निम्मा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडला.

"जा, बदल आधी, डाग पडेल," आई म्हणाली. "मी बघते इथलं."

मी गेले. कुर्ता पाण्यात भिजवला, दुसरा चढवला, धावत परत आले. ओट्यावर ट्रे होता, ट्रेमध्ये एकसारख्या भरलेल्या वाट्या, आणि आई रिकामं भांडं धूत होती.

"मी वाढणार होते ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"वाढलं मी. सगळ्यांना सारखं आलंय. तेवढंच एक काम होतं मला."

आता कुठली वाटी कुणाची, काही कळायला मार्ग नव्हता. माझं टाळकंच सरकलं होतं, पण सासऱ्यांसमोर काय बोलणार? मी बसले आणि खायला लागले. खीर उत्तम झाली होती हे मला नंतर इतरांनी सांगितलं. मला चव लागत नव्हती, मी आईच्या तोंडाकडे बघत होते. तिला मिळू दे, एवढंच मनात चाललं होतं.

चौथ्या-पाचव्या घासाला माझ्या दाताखाली काहीतरी टणक आलं. अख्खा बदाम. मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. पुन्हा मीच! मी तो गालात सरकवला आणि मान खाली घातली.

टेबलावर विचित्र शांतता होती. एरवी आमची लेक जेवताना एक क्षण गप्प बसत नाही. ती ओठ घट्ट मिटून खात होती. नवरा एकाच बाजूनं चावत होता. सासरे छताकडे बघत होते. आई तेवढी निवांत, चवीचवीनं वाटी संपवत होती. चमचे वाट्यांच्या तळाला लागले तरी कुणी बोलेना.

"वेल," सासरे शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या तोंडातला तो शब्द जरा गोलच आला. "हू हॅज इट?"

लेकीला राहवलं नाही. तिनं जिभेवर बदाम धरून दाखवला. नवरा म्हणाला, "नो वे," आणि स्वतःचा काढला. सासऱ्यांनी रुमालात त्यांचा बदाम काढला आणि ते हसत सुटले, इतके की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझाही बाहेर आला. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आईची वाटी स्वच्छ होती. तोंडही रिकामं.

"रोज नातीसाठी बदाम भिजवते त्यातले घातले," ती म्हणाली. "एकेकाला एकेक. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"आणि तुला?" मी विचारलं.

"मी कशी घेणार? ज्याला मिळाला त्यानं पुढच्या वर्षी करायची ना? मी असणारे का इथं पुढच्या वर्षी? जे जमणार नाही ते मी कबूल करत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुटक्या कडेखालचा तुझ्याच वाटीत घातला. वाढताना पहिल्याच डावात आला तो."

म्हणजे तिला कळलं होतं. मला तिचा भयंकर राग आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. वाट्या एकात एक घालायला लागले.

लेक खुर्चीवरून उतरली. तिचा तो ओला, एका टोकाला चावलेला बदाम तिनं आईच्या तळहातावर ठेवला. "आजी, यू टेक माइन. नाऊ यू हॅव टू कम."

"अगं, उष्टा आहे तो," मीच घाईनं म्हणाले. आई आता काय बोलेल याची मला धास्ती वाटली. पोर सात वर्षांची, तिला काय माहीत.

आईनं तो बदाम बघितला. सासऱ्यांकडे बघितलं, आणि परत बदामाकडे. मग तिनं तो तोंडात टाकला आणि सावकाश, पूर्ण चावून खाल्ला.

"खाल्ला," ती लेकीला म्हणाली. "आता करावी लागणार मला. पण माझ्या घरी, पुण्याला. माझ्या गॅसवर, वेलची घालून. फारफारना पण घेऊन या." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तिकिटं आत्ताच काढ, नंतर सबबी सांगशील. येताना तो बुटका तांदूळ तेवढा आण, पुण्यात मी कुठं शोधत फिरू?"