पायलीतले दाणे

अभिरक्षक हा शब्द आमच्या घरात कुणाला पचला नाही. परतूरच्या वस्तुसंग्रहालयात मी अभिरक्षक म्हणून लागले, तेव्हा बदनापूरला माझ्या काकांनी सरळ विचारलं, "म्हणजे वॉचमनच ना?" सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, काका, तुमचं अगदीच चुकलेलं नाही. आमच्या पेशाचा मूळपुरुष तोच. राजेरजवाड्यांनी हौसेनं दुर्मीळ चिजा जमवल्या, त्या एका दालनात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ल्या एका विश्वासू माणसाच्या हातात दिल्या. पुढे तो माणूस वस्तूंवर क्रमांक टाकायला लागला, समोर चिठ्ठ्या लावायला लागला. मग विद्वान आले; वस्तू किती जुनी, कुठल्या राजवटीतली, हे ते सांगू लागले. ती दिली कुणी आणि त्या माणसाचा जीव तिच्यात किती अडकलाय, हे विचारायची पाळी फार उशिरा आली. मी त्या उशिरा आलेल्या पिढीतली. मला माझं काम येतं, आणि हे सांगताना मी उगाच मान खाली घालत नाही.

मला शिकवणारे सर जुन्या वळणाचे होते. वस्तू आत आली की तिचं बाहेरचं आयुष्य संपलं, हा त्यांचा मंत्र. काच पुसावी, हात लावू नये, कुणाला लावू देऊ नये. वस्तू टिकवायची कशी, हे त्यांच्याइतकं चोख मला कुणी शिकवलं नाही. त्या मंत्रावरून मात्र आमचं कायम वाजायचं.

आमचं संग्रहालय कापसाच्या एका जुन्या गोदामात आहे. तिफणी, मोटा, तराजू, अशा शेतीच्या आणि बाजाराच्या वस्तू, शिवाय काही जुन्या गोधड्या. त्यात एक लाकडी पायली आहे, धान्य मोजायची, काठाला पितळी पट्टी ठोकलेली. ती दिली कुंभार पिंपळगावच्या एका मावशींनी. मुलाची नोकरी जालन्यात, म्हणून मावशीही तिकडे फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या. गावाकडचं रान बटईनं दिलेलं. फ्लॅटमध्ये ज्वारी दुकानातून पिशवीत येते, तिथे पायलीला काम काय? पायली देताना त्यांनी मला मापायची रीत दाखवली. पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. पायलीच्या तळाशी मूठभर ज्वारी होती. त्या गेल्यावर मी ती काढली, पायली साफ केली आणि काचेत ठेवली.

महिनाभरानं मावशी मुलाला घेऊन कौतुकानं बघायला आल्या. काचेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दाणे कामून काढले, बाई?"

"दाण्यांत टोके किडे पडतात, मावशी. दाण्यांमागे उंदीरही येतात. मग शेजारच्या गोधड्यांचं काही खरं नाही."

"ते तुमचं बराबर असंल. पण आमच्यात माप रिकामं ठेवत न्हाईत. रिकामं माप म्हंजी घर बसलं. लोक येऊन बघून राह्यले अन् आमचं घर बसलेलं दिसून राह्यलंय. ठेवत नसाल तं माझी पायली मला वापस द्या."

मुलगा ओशाळून म्हणाला, "आई, हे म्युझियम आहे." मी त्यालाच गप्प केलं. दाणे काढले ते योग्यच होतं, आजही काढीन. पण मावशींचंही खोटं नव्हतं. भरलेलं माप ही एक वस्तू आणि रिकामं माप ही दुसरी. मी भलतीच वस्तू काचेत ठेवून बसले होते. मी मावशींना सांगितलं, तुमच्या रानातली ज्वारी आणा, थोडी जास्तीच आणा. ती पिशवीत घट्ट बांधून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवली की टोकेही मरतात आणि त्यांची अंडीही. मग ठेवू पायलीत.

"थंडीनं मरतेत?" त्यांनी संशयानं विचारलं.

"नक्की मरतात," मी म्हटलं.

तेव्हापासून सुगी झाली की मावशी घरच्या बियाण्याची ज्वारी घेऊन यायच्या. जुने दाणे निघायचे, नवे पडायचे. उरलेली ज्वारी मी बरणीत बंद करून फ्रीजरमध्येच ठेवायची. सर एकदा आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

गेल्या पावसाळ्यात मावशी अवेळीच आल्या, मोकळ्या हातांनी.

"रान इकलं, बाई. पोराला तरी कुठवर जमणार? आता दाणे कुठून आणू? बाजारचे टाकायचे न्हाईत मला. सुगीला ते जुने काढून टाका अन् राहू द्या रिकामं."

रडल्या नाहीत. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग फ्रीजर उघडला आणि बरणी त्यांच्या हातात दिली. बरणी गार होती, त्यांनी ती पदरात धरली.

"हे तुमच्या रानातलंच आहे, मावशी. गारठ्यानं टोके मरतात, वाळलेलं बी मरत नाही. पेरू या."

"कुठं?"

गोदामामागे मोकळी जागा पडून होती. पाऊस ओसरल्यावर तिथे आम्ही दोघींनी ज्वारी पेरली. ती उगवली, हुरड्यात आली, आणि पाखरांनी निम्म्याहून जास्त फस्त केली. उरलेल्या कणसांवर मी फडकी बांधली आणि जेवणाच्या सुट्टीत टाळ्या पिटत राखण केली. काका तेवढ्यात भेटायला आले आणि माझी ती राखण बघून हसत सुटले.

कणसं वाळली तेव्हा मावशींनी ती खुडली, मळली, पाखडली. दाणे फ्रीजरमधून काढून आणले त्या दिवशी मी काचेचं दार उघडलं आणि बाजूला झाले. मावशींनी मूठ भरली, पायलीत सोडली आणि गोदामभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "लाभ."