मोटरसायकलचे बल्ब उडत होते तेव्हा

खोडाळ्याकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. यजमान मला मोखाड्याहून मोटरसायकलवर न्यायचे-आणायचे. त्या पावसाळ्यात गाडीचा हेडलाइट टिकेना. नवा बल्ब आठ-दहा दिवसांत उडायचा, काच आतून काळी पडलेली असायची. माल हलका आहे, यजमान म्हणायचे. मग महागाचा आणला, तो चार दिवसांत गेला. पाठोपाठ मागचा लाल दिवाही. खड्ड्यांचे हादरे बसतात म्हणून त्यांनी होल्डरखाली रबराचा तुकडा घातला. त्यांचं समाधान झालं, माझं नाही. गाडी थांबली की मला आंबूस, जळका वास यायचा. ते म्हणाले, सायलेन्सरवर चिखल जळतोय.

एका संध्याकाळी लसीकरण उरकून निघालो. घाटात धुकं इतकं, की रस्त्याची कड दिसेना. चढावर त्यांनी रेस वाढवली आणि दिवा एकदम पांढराशुभ्र पेटला.

"बघ, आता कसा लागलाय," ते म्हणाले.

असा उजेड त्या गाडीने कधीच दिला नव्हता.

"अहो, हळू घ्या," म्हणेपर्यंत बल्ब गेला. पुढे दिवा नाही, मागे नाही, आणि खालच्या वळणावरून जीप वर येत असल्याचा आवाज.

आम्ही गाडी ढकलत बाजूला नेऊ लागलो. मी पायाने कड चाचपत होते. पायाखालचा मुरूम सुटून खाली गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. मी मोबाइलचा टॉर्च लावून हात वर धरला. जीप हातभर अंतरावरून गेली. थांबली नाही. आम्ही तिला दिसलोच नसू.

दुसऱ्या दिवशी मोखाड्यातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने दिव्याच्या वायरीला मीटर लावून रेस दिली. व्होल्टचा आकडा चौदाच्या आसपास थांबायला हवा होता, तो अठराच्या पुढे गेला. त्याने बाजूचं कव्हर काढलं. आत बॅटरी फुगून वाकडी झाली होती, ॲसिड वायरींवर ओघळलं होतं.

"बल्बचा दोष नाय. करंट आवरणारं रेग्युलेटरच मेलंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, हिच्यालगत पाय ठेवून बसत होतात? फुटली असती."

घरी आल्यावर यजमान एवढंच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

रेग्युलेटर, बॅटरी बदलली आणि पुढचा बल्ब टिकला. उरलेला पावसाळा मी मात्र उपकेंद्राच्या खोलीतच राहून काढला.