बिघडलेल्या ड्रॉइंगची झबली

ट्रेसरमावशी कुठलंही चित्र आधी उलटं करून बघायच्या. लग्नपत्रिकेवरचा गणपती असो, बिस्किटाच्या डब्यावरचं बाळ असो, नाहीतर कोणाच्या नातवाने काढलेला डोंगर आणि सूर्य असो, हातात आलं की डोकं खाली आणि पाय वर. एकदा आमच्या पिपलानी वसाहतीच्या गणेशोत्सवात मोठा पडदा रंगवून लावला होता. तो काही उलटा करता येईना, तेव्हा पंच्याहत्तरीला टेकलेल्या या बाई चारचौघांत कंबरेत वाकल्या आणि मान वाकडी करून खालून बघू लागल्या. चक्कर आली असं वाटून कार्यकर्ते धावत आले. मावशी सरळ झाल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "काही नाही. डाव्या बाजूचा खांब कललाय, तेवढं बघत होते."

सुलटं धरलं की आपण वस्तू बघतो आणि उलटं धरलं की रेघ दिसते, असं त्यांचं म्हणणं. रेघ हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी होती. एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्या ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला यंत्राचा आराखडा शाईने जसाच्या तसा गिरवून द्यायचा, हे ट्रेसरचं काम. कॉम्प्युटर आले आणि ते काम संपलं, नाव मात्र त्यांना चिकटून राहिलं. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात शेजारी 'ट्रेसर मैडम' म्हणत, मराठी घरांत त्या ट्रेसरमावशी. मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान लवकर गेले, मुलगा नागपूरला. अशोका गार्डनमध्ये रेल्वेलाइनच्या जवळ दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. एकटं वाटतं का, असं कोणी विचारलं तर मला वेळ कुठे आहे म्हणत.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती एका कपामुळे. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची अर्धी कोरी चित्रवही घरात राहिली. लहानपणी मला चित्रांचं वेड होतं, पण शाळेतल्या बाईंनी 'हिचा हात जड आहे' असं आईला सांगितलं आणि तो विषय तिथेच मिटला होता. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, कोणी बघत नाही असं पाहून, मी त्या वहीत चहाचा कप काढायला घेतला. फोनवरच्या व्हिडिओत तीन सोप्या पायऱ्या होत्या. त्यांचा कप तिसऱ्या पायरीला तयार व्हायचा, माझा तिसऱ्या पायरीला फुटायचा. मग एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. तिथले सर प्रत्येकाच्या प्रत्येक चित्राला शाबासकीचा तोच एक अंगठा पाठवत. काय चुकतंय हे विचारलं की पुन्हा अंगठा. सहा महिने झाले, वही संपली, कप काही उभा राहिला नाही. कोणीतरी शेजारी बसून सांगावं, एवढीच इच्छा उरली होती.

मी गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रव्यवहाराचं काम करते. आमच्या मालकांच्या केबिनमध्ये एका यंत्राचं जुनं ड्रॉइंग फ्रेम करून लावलेलं आहे. रोज दिसायचं, पण एक दिवस मी जवळ जाऊन बघितलं. केसाएवढ्या रेघा, कुठे जाड नाही, कुठे थरथर नाही. मी तिथेच उभी राहिलेली पाहून आमचे जुने फिटर म्हणाले, "ये ट्रेसर मैडम का हाथ है. मशीन कबाड़ में गई, ड्रॉइंग अब भी नई है." पत्ता त्यांनीच दिला.

शनिवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मावशींनी ऐकून घेतलं आणि सरळ नकार दिला. त्यांना चित्र येत नाही, त्या जन्मभर दुसऱ्याचं गिरवत आल्या, असं त्या म्हणाल्या. मी हिरमुसून निघाले तशी त्यांनी हात पुढे केला. "आणलंच आहेस तर दाखव." माझा सगळ्यांत बरा कप त्यांनी उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"ह्यात चहा राहणार नाही," त्या म्हणाल्या. "तोंड वरून बघितलंयस आणि बूड समोरून. तू एकाच वेळी उभी पण होतीस आणि बसली पण होतीस का?"

सहा महिन्यांत मला कोणी इतकं उपयोगाचं बोललं नव्हतं. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली आणली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. समोर धरली की नुसती रेघ दिसते, खाली नेली की हळूहळू पोट फुगतं, पार खाली नेली की पूर्ण गोल. अर्धा तास त्या ताटली वर-खाली करत होत्या आणि मी बघत होते. त्या दिवशी पेन्सिलीला हात लावू दिला नाही. पुढच्या शनिवारी ये, असंही म्हणाल्या नाहीत. ताटली जागेवर ठेवताना एवढंच म्हणाल्या की येताना पेन्सिलीला टोक करून आण.

असे आमचे शनिवार सुरू झाले. त्यांचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की गाडी जाताना टेबल थरथरायचं. लांबून आवाज आला की मावशी हात वर उचलत आणि मलाही उचलायला लावत. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघी पेन्सिली हवेत धरून, शाळेतल्या मुलींसारख्या गप्प बसायचो. सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. पुढे लक्षात आलं की गाडी गेल्यावर ओढलेली रेघ आधीच्यापेक्षा बरी येते. चिडून कागदावर पेन्सिल रेटायला लागले की, गाडी नसली तरी मावशी म्हणायच्या, "गाडी जाऊ दे."

एवढं करूनही चौथ्या महिन्यात मी हरले. नवरा सकाळी पेपर वाचायला बसला की मी गुपचूप त्याचं चित्र काढायचे. तीन दिवस खपले होते. त्याला दाखवलं, तर तो कौतुकाने बघत राहिला आणि म्हणाला, "दादाला काय हुबेहूब काढलंयस!" दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा आणि टकला. तो बिचारा मनापासून बोलला होता. मी मात्र आत जाऊन सगळे कागद फाडले. आपला हात जडच आहे, बाई खरंच बोलल्या होत्या, हे पटलं. त्या शनिवारी गेले नाही. पुढचे तीनही चुकवले. फोन आला तर ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं.

चौथ्या रविवारी सकाळी मावशी आमच्या क्वार्टरच्या दारात. सिटी बसने आल्या होत्या, काखेत कापडी पिशवी. रागावल्या नाहीत की समजावलं नाही. काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं आणि फाडलेले कागद कुठे आहेत, असं विचारलं. फेकले म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. मग पिशवीतून त्यांनी एक मऊ पांढरी घडी काढून माझ्या हातात दिली. उलगडलं, तर तान्ह्या बाळाचं झबलं होतं. तलम, जुनं, अगदी लहान. पाठीवर फिकट राखाडी अर्धवर्तुळ आणि त्यातून गेलेली एक तुटक रेघ.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा ट्रेसिंग कापडावर करत असत. खळ दिलेलं, कडक, निळसर कापड. त्यावर शाईचा एक थेंब सांडला की आठवड्याचं काम वाया. पहिल्या वर्षी त्यांच्या हातून इतकी ड्रॉइंग बिघडली, की हेड ड्राफ्ट्समन सगळ्यांसमोर त्यांचं कापड परत फेकत आणि मावशी जेवणाच्या सुट्टीत नळाजवळ जाऊन रडत. पोटात तेव्हा मुलगा होता. नोकरी सोडायचं ठरवून एक दिवस त्या बिघडलेली कापडं घरी घेऊन आल्या. शेजारणीने सांगितलं, कडकडीत पाण्यात भिजव, खळ निघून जाईल. निघाली. हातात आलं ते मलमलीसारखं सूत. त्या कापडाची त्यांनी रात्रंदिवस बसून झबली शिवली.

"सात झबली झाली," मावशी म्हणाल्या. "माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलीचं काहीच बिघडायचं नाही. तिच्या बाळाला एकही नाही मिळालं."

मी ते झबलं मांडीवर घेऊन बसले होते. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. नवऱ्याने चहा केला. मावशींनी त्याला समोर खुर्चीत बसवला आणि मला म्हणाल्या, चेहरा सोड, आज फक्त त्याचा कान काढ. मी कान काढला. तो त्याचाच होता. नवरा आरशात जाऊन खात्री करून आला.

त्यानंतर मी कागद फाडले नाहीत. पावसाळा संपता संपता एका शनिवारी मी कप काढला, खिडकीतला उजेड आणि बशीसकट. मावशींनी सवयीने तो उलटा केला, आणि "अगं, चहा सांडेल" म्हणत घाईघाईने सुलटा केला. त्यांच्या तोंडून आलेलं तेवढंच कौतुक. मी ते घरी नेऊन दहा जणांना सांगितलं.

मग एक दिवस उलटंच झालं. मावशी म्हणाल्या की त्यांनाही काहीतरी काढायचं आहे. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता, आणि तिला पाहिलेलं माणूस आता त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मी कोरा कागद समोर ठेवला. ज्या हाताने हजारो रेघा न चुकता ओढल्या, तो हात कागदावर टेकेना. खाली गिरवायला काही नव्हतं. नाक काढलं, पुसलं. डोळे काढले, पुसले. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी मावशींनी, मला 'गाडी जाऊ दे' म्हणणाऱ्या मावशींनी, कागद चुरगळला आणि हुंदका दिला. तिचा चेहराच आठवत नाही गं, म्हणाल्या.

शेवटी मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठे बसायच्या तिच्याजवळ?"

मावशी सांगू लागल्या. आई चुलीशी बसलेली असायची आणि त्या तिच्या मागे, तिच्या पाठीला टेकून. कायम मागे. धुराने डोळे चुरचुरायचे म्हणून तोंड तिच्या पाठीत खुपसायच्या. सांगता सांगता त्यांनी पेन्सिल उचलली होती. मी चुरगळलेला कागद हळूच बाजूला केला आणि नवा सरकवला. त्या दुपारी तीन गाड्या गेल्या, पण मावशींनी हात उचलला नाही. टेबल थरथरत होतं आणि त्या काढत होत्या. सैल अंबाडा, मानेवर सुटलेल्या बटा, पोलक्याच्या बाहीला घातलेलं ठिगळ, भाकरी थापताना बाहेर आलेलं कोपर. पाठमोरी एक बाई. चेहरा कुठेच नव्हता, पण मी तिला कुठेही ओळखलं असतं.

मावशींनी चित्र दोन्ही हातांत धरलं. तो कागद काही त्यांनी उलटा केला नाही. मग मला म्हणाल्या, "मी हिला एवढीच पाहिली होती. पण किती पाहिली होती!" आणि त्या अशा हसल्या, की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली. तिलाही चित्र दाखवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मावशींची आई पाहिली. एकीने तर जाताना चित्राला नमस्कार केला.

गेल्या वर्षी गुडघे फारच दुखायला लागले, तसा मुलगा गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. सामान टेम्पोत गेलं. चित्र मावशींनी कोणाच्या हातात दिलं नाही, मांडीवर घेऊन बसल्या. मी रडणार हे दिसताच खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या की आता हाताला डोळे आले आहेत, शिकवणाऱ्याची गरज नाही. मला ते तेव्हा खरं वाटलं नाही, आजही पूर्ण वाटत नाही. पण कुठे अडलं की मी आता चिडत नाही. उठते, खुर्ची दुसरीकडे नेते आणि दुसऱ्या बाजूने बघते.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. नागपूरला घराजवळच एक चित्रकलेचा वर्ग आहे आणि मावशींनी तिथे नाव घातलंय. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची. परवा विचारलं, कसा चाललाय वर्ग?

"ती म्हणते, आजी, तुमची रेघ फार सरळ येते, थोडी सैल सोडा," मावशी सांगत होत्या. "झाडाची फांदी काढली तर म्हणते, हा विजेचा खांब झाला. अजून जमत नाहीये गं. पण पोरगी चांगली आहे, तुझ्या त्या सरांसारखा नुसता अंगठा दाखवत नाही. शेजारी बसून सांगते."