खांद्यावरची दुसरी सुई

कर्वेनगरमधला तो गुन्हा मी निवृत्त झाले तरी मनातून गेलेला नाही. त्यात कबुली पहिल्याच दिवशी मिळाली होती, आणि ती चुकीची होती.

दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज. "अॅक्युपंक्चरच्या क्लासला जा. बाईंनी सुई टोचून एका डॉक्टरणीचं फुप्फुस फोडलंय." स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदारांना घेऊन मी निघाले.

सोसायटीच्या तळमजल्यावर तो वर्ग चाले. शिकणारे सगळे डॉक्टरच. शिकवणाऱ्या बाई वयस्क, स्वतः डॉक्टर, तरुणपणी चीनला जाऊन ही विद्या शिकून आलेल्या. रुग्णाला हात लावण्याआधी डॉक्टरांनी एकमेकांना सुया टोचायच्या, अशी त्यांची पद्धत. त्या सकाळी एक तरुण डॉक्टरीण टेबलावर पालथी झोपली होती. खांद्यावर सुई लागली आणि थोड्याच वेळात तिला धाप लागली. बाईंनीच तिला रुग्णालयात पोहोचवलं होतं.

"सुई मीच टोचली," बाई म्हणाल्या. "खांद्याखाली फुप्फुसाचं टोक असतं. हात चुकला असणार. जबाब लिहून घ्या. वर्ग आजपासून बंद."

आमचे वरिष्ठ निरीक्षक म्हणाले, "बाई स्वतः कबूल करतायत. तुम्हाला आणखी काय हवंय, मुहूर्त?"

साहेबांपुढे मी फारसं बोलत नसे. "एकदा रुग्णालयात जाऊन येते," एवढंच म्हणाले.

डॉक्टरणीच्या छातीत नळी होती, पण धोका टळला होता. ती हळू बोलत होती. "बाई सुई टोचताना खोकायला सांगतात. लक्ष दुसरीकडे जातं, सुई कळत नाही. मी खोकले, एक सुई लागली. मग काही वेळाने दुसरी. तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही. कळ थेट छातीत गेली."

"दुसरी कुणी टोचली?"

"अहो, पालथी होते मी. फरशी दिसत होती फक्त."

बाईंना एकच सुई आठवत होती. धाप लागल्यावर घाईत काढताना किती होत्या, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना वर्गावर बोलावलं. एकेकाला आतल्या खोलीत घेतलं आणि टेबलावरच्या उशीला सुई टोचायला सांगितली. हवालदार कुजबुजले, "मॅडम, उशीचा जबाब कोण लिहिणार?"

जबाब देताना माणूस सावध असतो. हाताची सवय सावध नसते. पहिली डॉक्टरीण आली, चिमटीत खोळ धरली, सुई तिरकी केली आणि उशीला म्हणाली, "खोका." मग स्वतःच लाजली. दुसराही तेच म्हणाला. तिसराही. हवालदार तोंडावर रुमाल धरून उभे.

मग बिबवेवाडीचे एक जुने डॉक्टर आले. त्यांनी सुई इंजेक्शनसारखी धरली आणि सरळ आत घुसवली. तोंडातून शब्द नाही.

"झालं?" मी विचारलं.

"उशीच आहे की. इतकी वर्षं इंजेक्शनं देतोय मी, मॅडम."

"कालही अशीच दिलीत?"

   ते खुर्चीत बसले. "बाई पडद्यापलीकडे गेल्या होत्या. म्हटलं, एक सुई आपणही लावून बघू. ती दचकली तेव्हाच कळलं मला."

संशय आधीच बाईंकडे वळावा म्हणून फोनही या डॉक्टरांनीच केला होता.

उशीची साक्ष न्यायालयात चालत नाही, पोलिसांपुढची कबुलीही नाही. म्हणून फोनचा तपशील काढला. ते डॉक्टर त्या टेबलाजवळ उभे असल्याचं वर्गातल्या दोघांना आता आठवलं. आधी आठवलं नव्हतं, कारण त्यांच्या दवाखान्यातून या दोघांकडे रुग्ण येत. हा निष्काळजीपणाच आहे, असा डॉक्टरांच्या समितीचा अभिप्राय आला आणि आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं.

बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मग मोठ्याने रडल्या.

कबुली मिळाली की तपास संपला, असं खात्यात अनेकांना वाटतं. पापभीरू माणूस दुसऱ्याची चूकही अंगावर घेतो, हे मला तिथे कळलं. त्यानंतर कुणी चटकन कबूल झालं की मी आणखी एक फेरी मारू लागले.

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या सकाळी साहेबांना घेऊन मी गेले होते. "सुई आधी कुणाला टोचायची?" बाईंनी विचारलं. ती तरुण डॉक्टरीण सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली आणि टेबलावर पालथी झोपली.